अक्रोडाचा फोटो

पुण्यात फ्लॅट बघायला आलेल्या कुटुंबातली वडीलधारी बाई हॉलमध्ये शिरल्या शिरल्या सरळ खिडकीपाशी जाते आणि विचारते, "ऊन येतं ना?" दाखवणारा मुलगा "भरपूर, मावशी" म्हणतो आणि अर्धा सौदा तिथेच होतो. वाड्यातल्या मधल्या खोलीत भर दुपारी चाळीसचा पिवळा दिवा लावून ज्यांनी तांदूळ निवडले, त्यांना उन्हाचं मोल सांगावं लागत नाही. आमच्या घराला सासूबाईंनी एका वाक्यात पास केलं होतं, "लख्ख आहे हो घर." पश्चिमेचा हॉल, मोठी सरकती खिडकी, समोर इमारत नाही. बिल्डरने लख्खपणाचे पैसे वेगळे लावले नाहीत, पण चौरस फुटाच्या भावात ते धरलेले असणारच.

मग त्या लख्ख हॉलमध्ये आपण फर्निचर आणून ठेवतो, आणि दुपारचे तीन वाजले की घरात कुणी ना कुणी ओरडतं, "अरे, पडदा ओढा, युनिटवर ऊन आलं!" त्यासाठी जाड अस्तराचे पडदे शिवून घेतलेले असतात. पडदे ओढले की काळोख होतो, काळोख झाला की आपण ट्यूब लावतो. उन्हासाठी कर्ज काढून घेतलेल्या घरात आपण दिवसाढवळ्या ट्यूबखाली पेपर वाचतो, का, तर लाकडासारख्या दिसणाऱ्या एका खोक्याला त्रास होऊ नये. सोफ्याची पाहुण्यांसाठी काळजी घ्यायची, शोकेसची शेजाऱ्यांसाठी आणि युनिटची टीव्हीसाठी. घरातली माणसं उरलेल्या जागेत ॲडजस्ट करतात.

एवढं करूनही ऊन युनिटपर्यंत पोचलंच. आम्हाला ते बरेच दिवस कळलं नाही, कारण रंग एका दिवसात जितका उडतो तितका डोळ्यांना दिसत नाही. कळलं ते गणपतीत. मखर टीव्ही युनिटवर मांडायचं ठरलं आणि वरचा सगळा पसारा खाली उतरवला. बघतो तर काय, सेट टॉप बॉक्सच्या जागी गडद तपकिरी चौकोन, नवऱ्याला ऑफिसात मिळालेल्या ट्रॉफीच्या जागी गडद गोल, आणि आजूबाजूचं सगळं युनिट दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचं. घेताना ते 'वॉलनट' होतं. बिलावर तसं लिहिलेलं आहे.

पण खरी गंमत डाव्या कोपऱ्यात होती. तिथे मावससासूबाईंनी विणलेला क्रोशाचा रुमाल असायचा आणि त्यावर फुलदाणी. रुमाल उचलला तर खाली दुसरा रुमाल! दोऱ्याने झाकलेलं तेवढं गडद, जाळीच्या भोकांतलं तेवढं फिकट. पाकळी न् पाकळी उमटलेली, कडेचे कंगोरेसुद्धा. छाप इतका रेखीव यायला रुमाल जागचा हललेला नसावा लागतो. म्हणजे तो धुवायला कधी निघालाच नव्हता, हे घरातल्या सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. कुणी काही बोललं नाही. गणपती यायचे होते.

हेन्री फॉक्स टॅल्बट या इंग्रज गृहस्थाने एकोणिसाव्या शतकात मुद्दाम हेच केलं होतं. रसायन लावलेल्या कागदावर लेसचा तुकडा ठेवायचा आणि ऊन दाखवायचं. 1839 साली त्याने लिहून ठेवलं आहे की तो छाप त्याने काही मंडळींना जरा लांबून दाखवला, तर ती म्हणाली, हे कसलं चित्र, ही तर लेसच आहे. फोटोग्राफीच्या इतिहासात टॅल्बटचं नाव आहे. त्याच्या कागदावर ऊन लागलं तिथे काळं पडायचं आणि आमच्याकडे पांढरं पडलं, एवढाच फरक. मावससासूबाईंचं नाव मात्र कुठे लागलेलं नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते अशा वेळी पटतं. युनिटवर काहीच ठेवलं नसतं तर ते सगळं सारखंच फिकटलं असतं आणि ते आधी कसं होतं हे कुणाला आठवलं नसतं. रंग उडाल्याचा बोभाटा केला तो न उडालेल्या रंगाने.

या वस्तूला सासूबाई सनमायका म्हणतात, सुतार नुसतं मायका म्हणतो आणि दुकानदार लॅमिनेट म्हणतो. आठ बाय चार फुटांचा ताव, जाडी साधारण एक मिलिमीटर. लाकडाचा त्यात अंशही दिसत नाही. तळाशी फिनॉलच्या राळेत भिजवलेले तपकिरी क्राफ्ट कागदाचे थर, त्यावर लाकडाच्या रेषा छापलेला एक कागद, आणि सगळ्यात वर मेलामाइन राळेचा पारदर्शक पापुद्रा. ही चळत चौरस सेंटीमीटरला सत्तर किलोच्या वर दाब आणि 120 ते 150 अंश उष्णता देऊन एकजीव करतात. मुळात हा माल घरासाठी निघालाच नव्हता. 1913 साली अमेरिकेत सिनसिनाटीला दोघा इंजिनिअरांनी याचा कारखाना काढला तो विजेच्या यंत्रांत अभ्रकाऐवजी वापरायला. म्हणजे आज आपल्या डायनिंग टेबलावर जो पसरलाय तो मोटारीच्या पोटातला इन्सुलेटर. म्हणूनच गरम भांड्याला तो तसा कचरत नाही.

कचरतो तो उजेडाला. कारण आमच्या युनिटवर अक्रोड कधी नव्हताच. अक्रोडाचा फोटो होता. फोटो वर्षानुवर्षं उन्हात ठेवला तर त्याचं जे व्हायचं ते झालं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सलूनच्या काचेवर निरनिराळ्या हेअरकटचे फोटो आहेत. ती सगळी देखणी मुलं आता आपादमस्तक निळी आहेत. छपाईच्या शाईतला गुलाबी आणि पिवळा आधी दम सोडतो, निळा चिवट असतो. आमच्या अक्रोडाचीही आधी लाली गेली, आणि मग उरलं ते काय आहे हे सांगणं अवघड.

आता काच तर बंद होती, मग ऊन आलं कुठून, असं सासूबाईंनी विचारलं. प्रश्न रास्त होता. यावर नवऱ्याने, जो इंजिनिअर असल्यामुळे गप्प बसू शकत नाही, रात्री जागून जे वाचलं त्यातून घरात एक वेगळंच प्रकरण उभं राहिलं. साध्या काचेतून उन्हातले आखूड लांबीचे अतिनील किरण, म्हणजे यूव्ही-बी, जवळजवळ येत नाहीत. जरा लांब लांबीचे यूव्ही-ए मात्र बहुतेक सगळे आत येतात, आणि डोळ्यांना दिसणारा उजेड तर येतोच. रंग उडवायला हे दोघे मिळून पुरेसे आहेत. पण अंगात ड जीवनसत्त्व तयार व्हायला लागतात ते यूव्ही-बी, आणि ते काचेबाहेरच अडतात.

डॉक्टरांनी सांगितल्यापासून सासूबाई त्याच खिडकीपाशी, धूळ येते म्हणून काच लावून, ऊन खात बसायच्या. एवढ्या दिवसांचं ऊन घेतलं त्यांनी आणि लागलं युनिटला! हे त्यांना कोण सांगणार यावर आमच्यात दोन दिवस काथ्याकूट झाला. शेवटी मी सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग मला गुडघ्याला बरं कशाने वाटत होतं?" याचं उत्तर नवऱ्याने वाचलेल्या कुठल्याच लेखात नव्हतं.

रंग उडालाय म्हटल्यावर सोसायटीतल्या प्रत्येकाकडे उपाय होता. खोबरेल तेल चोळा. टूथपेस्ट लावा. गाडीचं पॉलिश मारा. चौथ्या मजल्यावरच्या काकांनी छातीठोकपणे सांगितलं, "अक्रोड फोडा आणि त्याचा गर चोळा. माझ्या वडिलांच्या शिसवी मेजावरचा ओरखडा असा गेला होता." काकांचा उपाय खोटा नाही. खऱ्या लाकडावर ओरखडा पडला की आतला कोरा भाग उघडा पडतो, त्यात अक्रोडाचं तेल मुरतं आणि रेघ मिसळून जाते. म्हणून आमच्या हॉलमध्ये एका रविवारी सकाळी एक मोठा माणूस अक्रोडाच्या फोटोवर खरा अक्रोड चोळत बसला होता. सासूबाई बाजूला बसून फोडलेले उरलेले अक्रोड खात होत्या. त्या दिवशी अक्रोडाचा जो काही उपयोग झाला तो तेवढाच.

मेलामाइनच्या पृष्ठभागाला छिद्रंच नसतात, तेल मुरणार कुठे? तेल लावलं की तासभर रंग खुलल्यासारखा वाटतो, चमक येते, आपण दोन पावलं मागे सरून मान तिरकी करून बघतो. मग त्या तेलावर धूळ बसते आणि आधी फिकट असलेलं युनिट आता फिकट आणि चिकट होतं. गाडीच्या पॉलिशची गोष्ट थोडी वेगळी. वरचाच पापुद्रा उन्हाने पांढुरका, खडूसारखा झाला असेल तर त्या पॉलिशने घासून चकाकी काही प्रमाणात परत येते. पण रंग गेलाय तो त्या पापुद्र्याच्या खाली, छापील कागदात. तिथवर हात पोचत नाही. आणि हात पोचवायलाच गेलात, म्हणजे पॉलिश पेपर घेऊन घासत सुटलात, तर छापील कागद फाटून खालचा तपकिरी क्राफ्ट वर येतो आणि मग नुसता रंगच नाही तर अक्रोडही जातो. खऱ्या सागवानाला रंधा मारून पुन्हा कोरं करता येतं, कारण ते आतपर्यंत सागवानच असतं. फोटोला रंधा मारता येत नाही.

मला विचाराल तर लॅमिनेटचा उडालेला रंग परत आणायचा उपाय नाही, हे एकदा स्वीकारलेलं बरं. ओरखडे मेणाच्या कांडीने बुजतात, टवका गेला तर रंगाच्या पेनने झाकता येतो. अख्ख्या फळीला चालतात ते दोनच मार्ग. एक म्हणजे बारीक पॉलिश पेपरने नुसती चकाकी मोडून, चिकटून राहील असा प्रायमर देऊन ती चक्क रंगवायची. नाहीतर वरून नवं लॅमिनेट चढवायचं. दोन्हीला दुरुस्ती म्हणत नाहीत, नवीन कपडे म्हणतात.

हे सगळं एका पॉलिशवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, "कशाला एवढं? वरून डार्क मारून देतो, कळणार पण नाही." वरून काहीतरी मारून देतो म्हणणाऱ्या माणसाची मला भीती वाटते, आणि ती अजिंठ्याला गेल्यापासून वाटते. तिथल्या भिंतींवरचे रंग इतकी शतकं राहिले त्यात लेण्यांमधल्या काळोखाचा वाटा आहे. 1819 साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने तिथे येऊन पोचला आणि पुढे माणसं, मशाली, नक्कलकार सगळंच आलं. मग 1920 च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून चेकोनी आणि ओर्सिनी हे दोन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटत आलेले पोपडे मोठ्या निगुतीने बसवले आणि रंग टिकावेत म्हणून वरून लाखेचा हात दिला, आपले जुने सुतार कपाटाला द्यायचे त्याच लाखेचा. पुढे ती लाखच पिवळी पडली, काळवंडली, आणि नंतरच्या लोकांना ती उतरवत बसावं लागलं. एवढ्या मोठ्या माणसांचं हे झालं, तर आमच्या पॉलिशवाल्याला मी कुठल्या तोंडाने हो म्हणू?

अजिंठ्याला फ्लॅश मारू देत नाहीत हे नवऱ्याला एकदम आठवलं आणि त्याने मोबाईलवर उजेड मोजायचं ॲप उतरवून घेतलं. संग्रहालयात जलरंगातली चित्रं आणि जुनी वस्त्रं साधारण 50 लक्सच्या उजेडात ठेवतात. थेट ऊन एक लाख लक्सच्या घरात जातं. तो खोलीच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत मोबाईल धरून उभा राहायचा आणि आकडे मोठ्याने सांगायचा. लॅमिनेट किती उजेड सोसेल हे मोजायलाही एक मोजपट्टी आहे म्हणे, निळ्या रंगात रंगवलेल्या लोकरीच्या आठ पट्ट्यांची. पहिली पट्टी चटकन उडते, पुढची प्रत्येक आधीच्यापेक्षा दुपटीने किंवा त्याहून चिवट, आणि आठवी सगळ्यात दमाची. नमुना आणि पट्ट्या एकाच उजेडात ठेवायच्या आणि तो कुठल्या पट्टीबरोबर मान टाकतो ते बघायचं. चांगलं लॅमिनेट सहाव्या पट्टीपर्यंत तग धरतं. मला या पट्ट्यांबद्दल फार आपुलकी वाटली. जगात काही लोकर अशीही आहे जिचं काम फक्त उडून दाखवणं आहे.

सासूबाईंना यातलं काही मानवत नाही. त्यांचा उन्हाशी संबंध जुना आणि कामाचा आहे. वाड्याच्या चौकात ऊन किती वाजता कुठल्या फरशीवर येतं हे त्यांना पाठ होतं. त्याप्रमाणे कुरडयांची चटई सरकायची, गाद्या उलटायच्या, लोणच्याची बरणी कट्ट्यावर जायची. घरात उन्हाने खराब होण्यासारखं काही नव्हतंच. फडताळ भिंतीत, कोनाडे भिंतीत, बसायला पाट, आणि तो ओला झाला तर उन्हातच टाकायचा. आजही मे महिन्यात त्या सांडगी मिरच्यांचं ताट घेऊन हॉलमधल्या उन्हाच्या पट्ट्यामागे फिरतात. हा पट्टा वर्षभर जागा बदलतो. डिसेंबरात सूर्य नैऋत्येकडे मावळतो तेव्हा तो उजव्या भिंतीकडे लांबवर आत येतो, जूनकडे सूर्य वायव्येकडे सरकला की डावीकडे. नवऱ्याने हे ॲपवर शोधून काढलं. सासूबाईंनी मिरच्यांवरून आधीच काढलेलं होतं.

शेवटी मिस्त्री आला. जोधपूरकडचा, पुण्यात बरीच वर्षं झालेला, त्यामुळे मराठी आणि हिंदीच्या मधल्या दारात उभा राहून बोलणारा. त्याने युनिटवरून तळहात फिरवला आणि म्हणाला, "ये तो धूप खा गया, मॅडम." रंगाचं तो काही करणार नव्हता, तसं त्याने स्वच्छ सांगितलं. पण खिडकीकडच्या शटरची कडेची पट्टी सुटून ओठासारखी बाहेर आली होती, ती मात्र त्याने लगेच धरली. ही पट्टी कारखान्यात गरम गोंदाने चिकटवतात. रोजच्या तापण्यानिवण्याने तो गोंद सैल पडतो. "इस्त्री आहे का घरात?" मी इस्त्री दिली. सुती फडक्याची घडी करून त्याने पट्टीवर ठेवली आणि वरून इस्त्री हळूहळू ओढत नेली, कापडाला फिरवतात त्याच्या निम्म्या वेगाने. मागोमाग दुसऱ्या हातातला लाकडी ठोकळा दाबत येत होता. मधे एकदा फडकं उचलून नखाने कड चाचपली, पुन्हा एक हात दिला. मग ठोकळा तसाच धरून गार होईपर्यंत गप्प बसला. शेवटी पातं तिरकं धरून बाहेर आलेला गोंद खरवडला. उन्हाच्या तापाने सुटलेलं इस्त्रीच्या तापाने बसलं. एवढ्या दिवसांच्या खटाटोपात खरीखुरी दुरुस्ती म्हणावी अशी ही एकच गोष्ट झाली, आणि तिला सुताराच्या अवजारांतलं ठोकळा-पातंच काय ते लागलं.

जाता जाता त्याला युनिटशेजारी पुस्तकांचं एक छोटं कपाट करायला सांगितलं. रंग युनिटला जुळता हवा. कुठल्या युनिटला, असं त्याने विचारलं नाही. पिशवीतून नमुन्यांचं जाडजूड पुस्तक काढलं आणि एकेक तुकडा फिकटलेल्या फळीवर ठेवून बघू लागला. मूळ वॉलनटचा तो नंबर कधीच बंद झाला होता. पण पुस्तकाच्या शेवटाकडे एक तुकडा निघाला तो असा काही जुळला की ठेवल्यावर दिसेनासा झाला. धुऊन काढलेल्या ओकचा रंग, आणि मिस्त्री म्हणाला, सध्या हाच फॅशनमध्ये आहे, बाणेर-बालेवाडीकडे सगळे हाच मागतात. भाव साध्या वॉलनटपेक्षा जास्त. म्हणजे जो रंग आमच्याकडे ऊन फुकट देत होतं, तो लोक तावाच्या हिशेबाने विकत घेतायत! सेट टॉप बॉक्सखालचा तो गडद चौकोन आता मला जुन्या फॅशनचा वाटायला लागला आहे. बॉक्स जरा सरकवून ठेवला आहे, त्यालाही ऊन लागू दे.

नमुन्याबरोबर कंपनीचा कागद होता. नवऱ्याने चष्मा लावून वाचला: थेट सूर्यप्रकाशात दीर्घकाळ ठेवू नये. त्याने कागद मिस्त्रीला दाखवला, मिस्त्रीने खिडकीकडे पाहिलं, आणि दोघांनी मिळून कपाट आतल्या खोलीत करावं का यावर चर्चा सुरू केली. सासूबाई हल्ली काच सरकवून बसतात, धूळ आली तर येऊ दे म्हणतात. त्या खुर्चीतूनच म्हणाल्या, "कपाट इथेच कर रे बाबा, पण खाली चाकं लाव. माझं ऊन अडलं की ढकलता यायला हवं."

मिस्त्रीने कंपनीचा कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर माप लिहिलं. त्याखाली लिहिलं, चार चाकं, दोन ब्रेकवाली.